रस्त्याला लागून जमीन आहे, गोदाम होईल का?

या वेळच्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा विषय एकच आहे : गोदाम. पूर्वी भिवंडी आणि चाकणपुरती असलेली ही चौकशी आता सिन्नर, जालना, बुटीबोरी, शिरवळ, लातूर अशा ठिकाणांहून येते. कारण समजण्यासारखं आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू होण्याआधी परराज्यात माल विकला की २ टक्के केंद्रीय विक्रीकर लागे. तो वाचवायला कंपन्या प्रत्येक राज्यात एक लहान डेपो ठेवत. जीएसटी आल्यावर डेपोची जागा कराऐवजी अंतर आणि वेळ पाहून ठरू लागली. लहान गोदामं बंद झाली, मोठी उभी राहिली. पुढे घरपोच मालाची मागणी तालुक्याच्या गावापर्यंत पोचली, रस्तेही सुधारले. मागणी खरी आहे. पण ती प्रत्येक रस्त्याकडेच्या शेतासाठी नाही, आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतली निम्मी अडचण तिथेच आहे.

प्रश्न : आमची चार एकर जमीन समृद्धी महामार्गाच्या अगदी कुंपणाला लागून आहे. एक मध्यस्थ म्हणतो, गोदामवाली कंपनी चांगलं भाडं देईल, तुम्ही फक्त जमीन सपाट करून ठेवा. खर्च करावा का? (मेहकर तालुका, जि. बुलढाणा)

अजून एक रुपयाही खर्च करू नका. समृद्धी हा नियंत्रित प्रवेशाचा रस्ता आहे. नागपूर ते आमणे या ७०१ किलोमीटरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे आणि गाडी आत-बाहेर होते ती फक्त इंटरचेंजवर. तुमच्या बांधावरून रस्ता हाकेच्या अंतरावर दिसत असला, तरी ट्रकसाठी तुमची जमीन इंटरचेंजपासून गावरस्त्याने जितकी लांब, तितकीच रस्त्यापासून लांब. म्हणून पहिलं काम हे : इंटरचेंजच्या टोलनाक्यापासून तुमच्या फाटकापर्यंत मोटारीने जा आणि किलोमीटर मोजा. ते पाच-सातच्या आत असेल तर पुढचं बघू. पंधरा असेल, तर लांब पल्ल्याचा माल हाताळणारी कंपनी तुमच्याकडे येण्याची शक्यता फारच कमी.

मग त्या वाटेवरचा रस्ता तपासा. दुहेरी चाकांच्या एका आसावर ११.५ टन भार कायद्याने चालतो. गावरस्ते त्या भारासाठी बांधलेले नसतात. एका पावसाळ्यात कडा तुटतात, मोरी खचते आणि ग्रामस्थ ट्रक अडवतात. दोन ट्रेलर समोरासमोर आले तर निघतील एवढी, म्हणजे किमान ७ मीटर डांबरी रुंदी हवी. वाटेत विजेच्या तारा किती उंच आहेत, रेल्वेचा भुयारी पूल आहे का, ओढ्याच्या फरशीवर पुरात पाणी किती दिवस राहतं, हे सगळं लिहून काढा. कंपनीचा माणूस पाहणीला आला की तो हेच विचारतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. समृद्धीवर दुचाकी आणि तीनचाकीला परवानगी नाही. गोदामात काम करणारी मुलं मोटरसायकलवरून येतात. त्यांचं गाव आणि तुमची जमीन यांना जोडणारा दुसरा चांगला रस्ता नसेल, तर माणसं मिळत नाहीत.

शेवटचं : काही इंटरचेंजभोवती नवनगरांसाठी क्षेत्र अधिसूचित झालेलं आहे आणि तिथलं नियोजन प्राधिकरण एमएसआरडीसी, म्हणजे महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ आहे. तुमचा गट त्यात येतो का हे गट क्रमांक देऊन लेखी विचारा. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका.

प्रश्न : सिन्नरजवळ आमच्याकडे चार एकरच आहेत, पण पट्टा लांबट आहे : रस्त्यावर ६० मीटर आणि आत २७० मीटर. यात किती चौरस फुटांचं गोदाम बसेल? कंपन्या नेमकं काय मागतात?

कागदावर चार एकर म्हणजे १,७४,२४० चौरस फूट. पण शेतीत क्षेत्र महत्त्वाचं असतं, गोदामात आकार. ४० फुटी कंटेनर ओढणारा ट्रेलर डोक्यापासून शेपटापर्यंत साधारण १६ मीटर भरतो. तो डॉकला, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या फलाटाला, मागे लावायचा तर समोर १६.५ मीटर मोकळी काँक्रीटची जागा म्हणजे अगदीच किमान. २० ते २२ मीटर असली की चालकाला एका फटक्यात गाडी लावता येते. मागच्या बाजूला अग्निशमन गाडी फिरायला ६ मीटर सोडावे लागतात. तुमच्या ६० मीटरमधून २२ आणि ६ वजा केले की उरले ३२. लांबीतून पुढची मोकळी जागा, फाटक, वजनकाटा, ट्रक थांबण्याची जागा, पाण्याची टाकी, मागचा वळसा काढला की साधारण २०० मीटर. म्हणजे ३२ गुणिले २००, सहा हजार चारशे चौरस मीटर, साधारण ६९ हजार चौरस फूट. जमिनीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास. तेवढीच चार एकर चौकोनी असती तर हा आकडा पन्नास टक्क्यांच्या पुढे गेला असता.

शेजाऱ्याचा पट्टा तुमच्याइतकाच असेल आणि त्याचीही इच्छा असेल, तर दोघांनी मिळून मधला एकच डॉकचा चौक ठेवावा. दोघांचीही इमारत काही मीटर अधिक रुंद होते. मात्र त्या चौकाच्या सामाईक वापराचा करार नोंदणीकृत हवा. भाऊबंदकीत तोंडी ठरलेली वहिवाट पुढच्या पिढीत कोर्टात जाते.

मागणीचं बोलायचं तर मोठ्या कंपन्या छताखाली मोकळी उंची १० ते १२ मीटर मागतात, कारण माल रॅकवर उभा चढतो. फरशीची ताकद चौरस मीटरला ५ टन. जोतं बाहेरच्या रस्त्यापासून सुमारे १.२ मीटर उंच, म्हणजे ट्रकच्या तळाशी बरोबर. दर १० हजार चौरस फुटांमागे एक डॉक हा ढोबळ हिशेब; पार्सलचं काम असेल तर याच्या दुप्पटही लागतात. खांब जितके कमी तितकं चांगलं. छताला नैसर्गिक उजेडाचे पारदर्शक पत्रे तीन ते पाच टक्के क्षेत्रात, त्याहून जास्त नको, नाहीतर नाशिक भागातही एप्रिल-मेमध्ये आत थांबवत नाही. फाटक ८ ते ९ मीटर रुंद ठेवा. हे फाटक अरुंद ठेवण्याची चूक आम्हाला वारंवार दिसते. इमारत उत्तम, आणि ट्रेलर वळताना दरवेळी खांबाला घासतो.

तुमचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल तर फाटक त्यावर उघडायला महामार्ग खात्याची वेगळी परवानगी लागते. वाहनाचा वेग कमी-जास्त करण्याची मार्गिका तुमच्या खर्चाने बांधावी लागते. हा खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकात धरा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी काळ्या जमिनीवर २० हजार चौरस फुटांची शेड बांधली. आता फरशी मध्येच उचलली गेली आहे, भेगा पडल्या आहेत, फोर्कलिफ्ट उडते म्हणून भाडेकरू जागा सोडायच्या गोष्टी करतो. ठेकेदार म्हणतो सिमेंटमध्ये दोष नाही. मग दोष कशात? (जालना)

ठेकेदार सिमेंटबद्दल खरं बोलत असण्याची शक्यता आहे. दोष बहुधा सिमेंटच्या खालच्या मातीत आहे.

आधी भेगेची जात ओळखा. केसासारखी, सरळ, बांधकामानंतर पहिल्या काही महिन्यांतच आलेली भेग म्हणजे काँक्रीट आकसलं आणि सांधे वेळेवर कापले नव्हते. सांध्याजवळ हातोडी मारल्यावर पोकळ आवाज येत असेल, गाडी गेल्यावर तुकडा डुगडुगत असेल, तर खालचा भराव दबला आहे. आणि तुम्ही लिहिता तसा फुगवटा, जो पावसाळ्यात वाढतो आणि उन्हाळ्यात थोडा बसतो, तो काळ्या मातीचा. खात्री करायची असेल तर मे महिन्यात संपूर्ण फरशीवर ३ मीटरच्या चौकटीत ऑटो लेव्हल या मोजणी यंत्राने पातळी घ्या, सप्टेंबर अखेरीस त्याच बिंदूंवर पुन्हा घ्या. फरक दिसला की वाद संपला.

माती किती फुगते हे प्रयोगशाळेत दोन दिवसांत कळतं. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली माती १०-१० ग्रॅम घेतात, एका नळीत पाणी आणि दुसऱ्या नळीत रॉकेल घालून २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. रॉकेलमध्ये १० मिलिलिटर आणि पाण्यात १९ मिलिलिटर जागा व्यापली, तर फुगवटा ९० टक्के. रस्त्याच्या कामात ५० टक्क्यांवरची माती भरावात वापरू देत नाहीत. गोदामाच्या फरशीखालीही देऊ नये.

आता दुरुस्ती. भेगेत इपॉक्सी भरू नका. खालची माती हलते आहे तोवर शेजारी नवी भेग पडेल. आधी पाणी तोडा. छताचं पावसाचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडतं का? संडासचा शोषखड्डा शेडपासून किती लांब आहे? पन्हळ्यांचे पाइप गटारात सोडा, शोषखड्डा दूर हलवा, शेडच्या चारही बाजूंनी दीड ते दोन मीटर रुंद काँक्रीटची पट्टी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा. कित्येक ठिकाणी एवढ्याने पुढचं नुकसान थांबतं, कारण काळी माती मुळात फुगते-आकसते ती ओलावा बदलला की. ओलावा एकसारखा राहिला तर ती शांत असते.

त्यानंतर जे तुकडे उचलले गेले आहेत ते कापून काढा. खाली साधारण एक मीटर काळी माती उकरा आणि त्या जागी न फुगणारा मुरूम २०० मिलिमीटरच्या थरांत भरा. प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबा. घनतेची चाचणी ९५ टक्के आल्याशिवाय पुढचा थर टाकू देऊ नका. त्यावर १०० मिलिमीटर साधं काँक्रीट, त्यावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, आणि वर एम-३० दर्जाचं १५० ते २०० मिलिमीटर काँक्रीट. खांबांभोवती फरशी खांबाला चिकटू न देता वेगळी पट्टी सोडा. सांधे ४ ते ४.५ मीटरवर, जाडीच्या पाव ते एकतृतीयांश खोलीपर्यंत, आणि काँक्रीट टाकल्यावर २४ तासांच्या आत कापा. दुसऱ्या दिवशी दुपारी कापू म्हणणाऱ्या ठेकेदाराला थांबवा, तोवर भेग आपली वाट शोधून मोकळी झालेली असते. पाणी किमान १० ते १४ दिवस साचवून ठेवा.

नव्याने बांधणाऱ्यांसाठी एक सूचना. काळ्या मातीवर थेट दगडी सोलिंग करण्याची आपल्याकडे सवय आहे. ओली काळी माती दगडांच्या फटींत वर चढते आणि सोलिंग तिच्यात बुडतं. मधे मुरमाचा किंवा क्रशरच्या कचेचा दाबलेला थर हवाच.

प्रश्न : एका कंपनीने आमची जमीन पाहून सहीचं पत्र दिलं आहे : ९ वर्षांचा करार, दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ, लॉक-इन ३ वर्षे. बँकेचं कर्ज काढून आम्ही शेड बांधून द्यायची. हे ठीक आहे का? (खंडाळा तालुका, जि. सातारा)

पत्र कसलं आहे ते आधी पाहा. बहुतेक वेळा हे इरादापत्र असतं, आणि त्यात शेवटी 'हे पत्र बंधनकारक नाही' असं एक वाक्य असतं. त्यावर बँक कर्ज देत नाही, आणि दिलं तरी तुम्ही खोदकाम सुरू करू नये. आधी नोंदणीकृत 'भाडेपट्टा करण्याचा करार' हवा, त्यात इमारतीचे नकाशे, तयार करून देण्याची तारीख, उशीर झाल्यास काय आणि कंपनीने माघार घेतल्यास तुम्हाला किती रक्कम, हे सगळं.

लॉक-इनचा अर्थ नीट समजून घ्या. करार ९ वर्षांचा असला तरी तीन वर्षांनंतर कंपनी दोन-तीन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकते. तुमचं कर्ज मात्र दहा वर्षांचं. हिशेब करून दाखवतो. आकडे समजा म्हणून घेतले आहेत, तुम्ही तुमचे घाला. बांधकाम चौरस फुटाला १,५०० रुपये. त्यातलं ७० टक्के म्हणजे १,०५० रुपये कर्ज, व्याज १०.५ टक्के, मुदत १० वर्षे. महिन्याचा हप्ता चौरस फुटाला सुमारे १४ रुपये १७ पैसे. भाडं १५ रुपये. हातात राहिले ८३ पैसे, आणि त्यातून घरपट्टी, विमा, पत्र्याची देखभाल. वर्षातला एक महिना जागा रिकामी राहिली तरी हिशेब उणे होतो. म्हणून लॉक-इन किमान पाच वर्षांचं मागा, आणि ते मिळत नसेल तर अनामत रक्कम वाढवून घ्या. तीन ते सहा महिन्यांचं भाडं सर्वसाधारण असतं. केवळ याच भाडेकरूसाठी खास बांधकाम असेल, तर सहापेक्षा कमी घेऊ नका.

वाढीबद्दल : तीन वर्षांनी १५ टक्के आणि दरवर्षी ५ टक्के सारखेच वाटतात, पण नाहीत. १०० रुपये भाड्यावर पहिल्या पद्धतीत तीन वर्षांचे ३०० होतात, दुसऱ्या पद्धतीत १००, १०५ आणि ११०.२५ मिळून ३१५ रुपये २५ पैसे. दरवर्षीची वाढ मागा.

मुद्रांक शुल्काकडे दुर्लक्ष झालेलं आम्ही सर्वाधिक पाहतो. महाराष्ट्रात भाडेपट्ट्यावर शुल्क बाजारमूल्याच्या काही हिश्श्यावर खरेदीखताच्या दराने लागतं : पाच वर्षांपर्यंत १० टक्के हिस्सा, पाच ते दहा वर्षांना २५, दहा ते एकोणतीसला ५०, त्यावर ९० टक्के. नूतनीकरणाची मुदत करारात लिहिलेली असेल तर तीही धरली जाते. म्हणजे '९ वर्षे, पुढे आणखी ९ वर्षे' असं लिहिलं की तुम्ही ५० टक्क्यांच्या घरात गेलात. शुल्क कोण भरणार हे करारात स्पष्ट हवं. साधारणपणे भाडेकरू भरतो. ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला एकूण भाड्याच्या रकमेवर फक्त ०.२५ टक्के लागतं, म्हणून काहीजण तो मार्ग सुचवतात. तो अल्प मुदतीला ठीक आहे. नऊ वर्षांच्या व्यवहारासाठी पाच वर्षांचा लायसन्स आणि एक तोंडी आश्वासन, असं करू नका.

भाडं कोणत्या क्षेत्रावर, हेही लिहून घ्या. जोत्याचं क्षेत्र, छज्जाखालचं क्षेत्र, पंप खोली, पहारेकऱ्याची खोली यांपैकी काय धरायचं ते नकाशावर रंग भरून करारासोबत जोडा. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट भाडं, आणि रॅकच्या बोल्टची छिद्रं बुजवून फरशी परत देणं, ही दोन कलमं विसरू नका.

प्रश्न : आमची शेतकरी उत्पादक कंपनी १,००० टनांचं गोदाम बांधणार आहे. हंगामात सोयाबीन, तूर ठेवू आणि उरलेल्या वेळात पार्सल कंपनीला भाड्याने देऊ, असा विचार आहे. जमेल का? (लातूर)

दोन्ही एकाच छताखाली आणू नका. धान्याच्या गोदामाला उंदीर, ओल आणि हवा रोखायची असते. दारं कमी, झरोक्यांना जाळी, भिंती गुळगुळीत, आणि धुरीकरणाच्या वेळी जागा घट्ट बंद व्हायला हवी. पार्सलच्या गोदामाला याच्या नेमकं उलट, दारंच दारं लागतात. शिवाय धुरीकरणासाठी आठवडाभर आच्छादन ठेवलेल्या थप्पीजवळ दुसऱ्या कंपनीचे कामगार वावरणं धोक्याचं आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडचा वायू जीवघेणा आहे आणि ते काम परवानाधारक माणसानेच करायचं.

आणि यात पैशाचाही मुद्दा आहे. कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षे वार्षिक ३ टक्के व्याज सवलत मिळते, ती काढणीपश्चात शेतीकामासाठी. त्या सवलतीचं गोदाम पार्सलला दिलं, तर सवलतीचा आधारच जातो. केंद्राच्या कृषी पणन पायाभूत सुविधा योजनेतलं अनुदान कर्जाला जोडलेलं आणि नंतर मिळणारं असतं, तेव्हा कर्ज मंजुरीच्या आधी पाया खणू नका. घाई केलेल्या कंपन्या इथे अडकतात.

क्षेत्राचा हिशेब असा : एका घनमीटरला ०.४ टन. १,००० टनांना २,५०० घनमीटर, उंची साडेचार मीटर धरली तर सुमारे ५५५ चौरस मीटर, म्हणजे सहा हजार चौरस फुटांच्या आत-बाहेर. ३० बाय २० फुटांच्या थप्प्या आखा, भिंतीपासून अडीच फूट सोडा, म्हणजे माणूस सगळीकडून फिरून पाहणी करू शकतो. थप्पीखाली लाकडी किंवा प्लास्टिकच्या जाळ्या. सोयाबीन १२ टक्के ओलाव्याच्या वर आत घेऊ नका. बियाण्यासाठी ठेवायचं असेल तर पाच ते सात पोत्यांपेक्षा उंच थप्पी लावू नका. सोयाबीनचं आवरण नाजूक असतं, खालच्या पोत्यातली उगवण बसते.

डब्ल्यूडीआरए, म्हणजे केंद्राच्या गोदाम विकास व नियामक प्राधिकरणाकडे गोदामाची नोंदणी जरूर करा. मग शेतकऱ्याच्या नावे इलेक्ट्रॉनिक गोदाम पावती निघते आणि त्या पावतीवर बँक तारण कर्ज देते. काढणीच्या आठवड्यात पडलेल्या भावाला माल विकावा लागत नाही, आणि गोदामाचा खरा उपयोग तोच. नोंदणीला वजनकाटा, ओलावामापक, प्रतवारीची सोय आणि मालाचा विमा लागतो. त्यासाठी इमारतीतच एक स्वच्छ, उजेडाची खोली काढा. हमालीचं काम माथाडी कायद्याखाली येतं, तेव्हा जिल्ह्याच्या माथाडी मंडळाची लेव्ही दरात आधीच धरा.

प्रश्न : ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आहे. तो पुरेसा नाही का? (भिवंडी तालुका)

नाही. भिवंडीभोवतीच्या अधिसूचित गावांसाठी एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हे नियोजन प्राधिकरण आहे. बांधकाम परवानगी त्यांचीच लागते. ग्रामपंचायतीच्या कागदावर उभी राहिलेली गोदामं अनधिकृत ठरल्याचा अनुभव याच तालुक्यात आहे, आणि विमा कंपनी आगीनंतर पहिल्यांदा बांधकाम परवानगीच मागते. इतर ठिकाणीही आधी झोन दाखला, मग लागत असेल तर बिनशेती, मग बांधकाम नकाशा, आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, हा क्रम ठेवा. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २', म्हणजे हस्तांतरावर सरकारी अटी असलेली जमीन, असं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी सगळ्याच्या आधी.

आगीची यंत्रणा बसवून काम संपत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्यानुसार ती चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं 'नमुना ब' प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचं असतं.

प्रश्न : गोदामाच्या भाड्यावर जीएसटी लागतो का? (कराड)

हो, १८ टक्के. तुमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असून तुमची नोंदणी नसेल आणि भाडेकरू नोंदणीकृत असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून हा कर भाडेकरूने थेट भरायचा आहे. शेतमाल साठवण्याच्या सेवेवर कर नाही. बांधकामावर तुम्ही भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, तो खर्चातच धरा.

प्रश्न : 'तुमची जमीन सरकारी धान्य गोदामासाठी मंजूर झाली, नोंदणी शुल्क भरा' असा फोन आला. पत्रावर शिक्काही आहे. (वाशीम)

पैसे भरू नका. अन्न महामंडळ खासगी गुंतवणूकदारांकडून गोदामं घेतं ते निविदा काढून. २००८ पासूनच्या योजनेत भाड्याची हमीही दिली जाते, पण तीसुद्धा निविदेतूनच. घरी फोन करून कुणाची जमीन मंजूर होत नाही, आणि शुल्क खासगी खात्यात कधीच मागितलं जात नाही. पत्र आणि खाते क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम वाटेत गोठवता येण्याची आशा असते.

प्रश्न : बांधकाम आम्ही करणार नाही. विकासक २९ वर्षांसाठी नुसती जमीन भाड्याने मागतो. सातबाऱ्यावर मी, भाऊ आणि लग्न झालेल्या दोन बहिणी आहोत. (देवळी, जि. वर्धा)

चौघांच्याही सह्या लागतील. बहिणींना 'नंतर सांगू' म्हणून व्यवहार पुढे नेऊ नका. त्यांचा हिस्सा कायद्याने आहे आणि भाड्यातही आहे. आधी शासकीय मोजणी करून हद्दीचा नकाशा घ्या आणि वडिलांच्या नावावरचे जुने फेरफार पूर्ण करा.

करारात तीन गोष्टी पाहा. विकासकाने कर्जासाठी गहाण ठेवायचा तो फक्त त्याचा भाडेपट्ट्याचा हक्क. जमिनीची मालकी गहाण जाऊ नये, हे स्पष्ट शब्दांत हवं. मुदत संपल्यावर इमारत कुणाची, आणि तुमची होणार नसेल तर ती पाडून जागा मोकळी करण्याचा खर्च कुणाचा, हे लिहा. आणि कुलमुखत्यारपत्र मागितलं तर ते फक्त परवानग्यांच्या अर्जापुरतं, रद्द करता येईल असं, विक्रीचा किंवा गहाणाचा अधिकार न देणारं. मुखत्यारपत्राचा मसुदा विकासकाच्या वकिलाकडून आला असेल तर तो तुमच्या वकिलाने प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय दुय्यम निबंधकाकडे नेऊ नका. बहिणींनाही त्याची प्रत आधी पाठवा.